मॉनिटरचं कुलूप उघडून देणाऱ्या दादांना

दादा,
सप्रेम नमस्कार, वि. वि.

तुमचं नाव लिहीत नाही. तुम्हीच बजावलंत ना, "ताई, नाव छापू नका, नाहीतर अख्खी पेठ मॉनिटर काखेत मारून माझ्या दारात येईल." कबूल. पण आभार मात्र चारचौघांतच मानणार, कारण तुम्ही जे सांगितलंत ते साताऱ्यात आणि साताऱ्याबाहेरही पुष्कळांच्या उपयोगाचं आहे, आणि ते कुणी धड सांगत नाही.

वाचणाऱ्यांसाठी थोडं मागचं. माझं डीटीपीचं काम. लग्नपत्रिका, व्हिजिटिंग कार्डं, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, अधूनमधून वाढदिवसाचे फ्लेक्स. जुना मॉनिटर गेला तेव्हा लॉटमधला एक घेतला. म्हणजे कुठल्यातरी ऑफिसनं किंवा लॅबनं एकगठ्ठा काढून टाकलेल्यांतला. काच स्वच्छ, डेड पिक्सेल, म्हणजे न पेटणारा ठिपका, एकही नाही, भाव परवडणारा. लावला आणि पडदा असा भगभगीत निळसर पांढरा उजळला की समोर बसवेना. उजेड कमी करावा म्हणून बटण दाबलं, तर कोपऱ्यात एक चौकट उमटली. त्यात कुलपाचं चित्र आणि ‘ओएसडी लॉक्ड’ अशी अक्षरं (ओएसडी म्हणजे मॉनिटरचा स्वतःचा, पडद्यावर उमटणारा मेनू). नीट वाचेपर्यंत गायब. दुसरं बटण दाबा, तिसरं दाबा, तेच. फक्त चालू-बंदचं बटण तेवढं ऐकायचं.

डोळ्यांचं एकवेळ सोसलं असतं, पण धंद्याचं काय? पडदा प्रमाणाबाहेर उजळ असला की त्यावर प्रत्येक फोटो छान दिसतो. नवरीच्या केसांतला गजरा, नवऱ्याच्या कोटाची शिवण, सगळं स्पष्ट. तेच छापून आलं की कोट म्हणजे नुसता काळा डाग. साध्या ऑफिस-मॉनिटरचा पूर्ण उजेड साधारण २५० निट्स (निट हे उजेड मोजायचं माप) असतो. छपाईचं काम करणारे तो ८० ते १२० च्या दरम्यान ठेवतात. त्यात पडदा निळा मारणारा. मग डोळा फसतो, आपण हळद थोडी वाढवतो, कुंकू थोडं वाढवतो, आणि कागदावर सगळ्या वऱ्हाडाला कावीळ. कुंकवाचा लाल मला पाठ आहे, मॅजेंटा शाई शंभर टक्के, यलो शंभर टक्के, त्यासाठी पडदा बघावा लागत नाही. फोटोतल्या माणसांच्या चेहऱ्यांचे आकडे मात्र कुणाला पाठ असतात?

भाच्यानं केबल बदलली, दुसरा कॉम्प्युटर जोडून पाहिला, ड्रायव्हर नव्यानं टाकला. रात्रभर प्लग काढून ठेवला. काही उपयोग नाही. मग एका दुकानात नेला. तिथल्या माणसानं बटणं दोनदा टकटक केली आणि निदान सांगितलं, "बोर्ड गेलाय. नवाच घ्या, याच्यात पैसे घालू नका." बरं, तो हे इतक्या आपुलकीनं म्हणाला की मी जवळजवळ घेतलाच होता.

आणि मग हॉस्पिटलातले कॉम्प्युटर सांभाळणारे तुम्ही आलात, ते तुमच्या कामासाठी. टेबलाच्या त्या बाजूला उभं राहून माझी कुरकुर ऐकलीत आणि एकच प्रश्न विचारलात, "दाबल्यावर काय लिहून येतं?" मी सांगितलं. तुम्ही हसलात. "ताई, बोर्ड गेला असता तर एवढं लिहून कोण आलं असतं? कुणीतरी मुद्दाम लॉक केलंय." इतके दिवस ती अक्षरं माझ्यासमोर उमटत होती आणि आम्ही सगळे त्यांना बिघाडाची खूण समजत होतो!

तुम्ही स्वतः हात लावला नाहीत, त्याचे आभार सगळ्यात जास्त. पुढे होऊन दाबलं असतंत तर मी ‘वा’ म्हणाले असते आणि विसरले असते. तुम्ही मला म्हणालात, मेनूचं बटण शोधा. आता माझ्या मॉनिटरची बटणं खालच्या कडेला, आतल्या अंगाला, आणि वरची चित्रं कुणाच्या तरी अंगठ्यानं घासून पार पुसलेली. बोटानं चाचपत गेले. पॉवरचं बटण जरा रुंद लागलं, त्याच्यापासून मागे मोजत सगळ्यात टोकाचं. "हेच. आता पडदा चालू असताना दाबून धरा आणि दहापर्यंत मोजा. मोठ्यानं." मी मोजायला लागले. दहा सेकंद म्हणजे काहीच नाही असं वाटतं ना? बोटाच्या टोकावर बारीक बटण रुतलेलं असताना सहाच्या पुढे मोजणं लांबत जातं. पडद्यावर ते कुलूप तसंच बसलेलं. सात-आठला वाटलं, नाही होत हे, आणि बोट सैल पडणार एवढ्यात तुम्ही ओरडलात, "सोडू नका!" बहुतेक जण इथंच सोडतात म्हणे. नऊ, दहा, आणि चौकट बदलली. कुलपाची कडी उघडी. पुन्हा एकदा दाबलं तर मेनू आला, चांगला रंगीत, सगळ्या खणांसकट.

प्लग काढून का उपयोग झाला नाही, तेही तुम्ही समजावलंत. उजेड किती, रंग कुठला, कुलूप आहे की नाही, हे सगळं मॉनिटर आपल्याच चिपमध्ये लिहून ठेवतो आणि वीज गेली तरी ते पुसलं जात नाही. कॉम्प्युटरचा त्यात काही संबंधच नाही, म्हणून ड्रायव्हर बदलूनही काही होणार नव्हतं. भाच्याला हे सांगितल्यावर त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

तुम्ही प्रत्येक कंपनीची रीत वेगळी म्हणालात, ती मी तेव्हाच बिलबुकाच्या मागे उतरवून घेतली. लोकांसाठी इथे देते. एचपी, लेनोवो, फिलिप्स यांच्या बऱ्याच मॉनिटरांत मेनूचं बटण १० सेकंद धरायचं, माझ्यासारखंच. डेलच्या पुष्कळ मॉडेलांत पॉवरच्या शेजारचं बटण ४ सेकंद धरलं की कुलपांची चित्रं येतात, त्यातून उघडायचं ते निवडायचं. त्यांच्या काही जुन्यांत मेनूच जास्त वेळ धरावं लागतं. एओसीच्या जुन्या मॉडेलांत उलटी गंमत, मॉनिटर आधी बंद करायचा, मेनू दाबून ठेवायचा आणि तसाच पॉवर चालू करायचा. व्ह्यूसॉनिकच्या अनेकांत १ आकड्याचं आणि वरच्या बाणाचं बटण एकदम १० सेकंद. शिवाय काही मॉनिटरांत पॉवरच्या बटणाला वेगळं कुलूप असतं. एचपीच्या तशा मॉडेलात पॉवरच १० सेकंद धरायचं. आपला मॉनिटर यांत बसत नसेल तर मागच्या स्टिकरवरचा मॉडेल नंबर घेऊन कंपनीची पुस्तिका उघडायची आणि ‘लॉक’ शब्द शोधायचा. स्क्रूड्रायव्हर मात्र काढायचा नाही. हे तुम्ही दोनदा सांगितलंत, म्हणून मीही ठळक सांगते.

मी चिडून विचारलं होतं, असलं कुलूप मुळात ठेवतातच कशाला? किल्ली दिसत नाही, कुठे लिहिलेलं नाही, विकत घेणाऱ्याला कुणी सांगत नाही. त्यावर तुम्ही तुमच्या हॉस्पिटलातलं सांगितलंत. ओपीडीच्या नोंदणी खिडकीवर नंबर लागायची वाट बघणारा माणूस हात रिकामा ठेवत नाही. मॉनिटरच्या कडेला जे लागेल ते दाबत बसतो. मग पडद्याची भाषा चिनी होते, चित्र एका बाजूला सरकतं, आणि तुम्हाला तिसऱ्या मजल्यावरून खाली पळावं लागतं. आणि एक्स-रे बघायच्या खोलीतलं तर ऐकतच राहिले. तिथल्या मॉनिटरवर काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटा डायकॉम या वैद्यकीय चित्रांच्या मानकाप्रमाणे बसवलेल्या असतात, ठरावीक काळानं तपासतात. कुणी सहज उजेड कमी केला तर हाडातली बारीक चीर डॉक्टरांच्या नजरेतून निसटू शकते. तिथे कुलूप हवंच, पटलं. पण काढून विकताना ते उघडून द्यायला काय होतं, हे माझं मत अजून कायम आहे. तुम्ही या मतावर नुसते खांदे उडवलेत.

पुढचं काम खरं तर तुमच्या खात्यातलं नव्हतं, तरी थांबलात. मेनूत रंगाचं तापमान ९३०० केल्विनवर होतं, म्हणून निळी झाक. ते ६५०० केलंत. आणि उजेड १०० वर. कितीवर ठेवू विचारलं तर आकडा सांगितला नाहीत. तुमची नजर माझ्या टेबलावर फिरली, ३०० जीएसएमच्या, म्हणजे जाड, आर्ट कार्डाचा कोरा तुकडा उचललात आणि पडद्याला लागून धरलात. पडद्यावर पांढरं पान उघडलेलं. "दोन्ही पांढरे सारखे वाटेपर्यंत खाली या." मी बाण दाबत गेले. ऐंशी, साठ, चाळीस. तोवर कागद पडद्यापुढे मळका दिसत होता. तिशीच्या जवळ आल्यावर हळूहळू तो कागदासारखा दिसायला लागला आणि पडदाही. वीस वर्षं या धंद्यात असलेल्या बाईला छपाईचा कागद हॉस्पिटलातल्या माणसानं दाखवावा! पण दाखवलात ते बरं झालं. परवा एक फोटोंची पत्रिका छापून आली, कोटाची शिवण दिसते.

आणखी एक गोष्ट सांगून गेलात, ती ज्यांची बटणंच तुटली आहेत त्यांच्यासाठी. लॅपटॉपवरची उजेडाची पट्टी बाहेरच्या मॉनिटरवर सहसा चालत नाही, पण चित्र नेणाऱ्या केबलीतूनच मॉनिटरला हुकूम देता येतात. व्हीजीए आणि एचडीएमआयमध्ये त्यासाठी दोन वेगळ्या तारा असतात. या बोलण्याचे नियम व्हेसा या संस्थेनं १९९८ साली ठरवले, डीडीसी-सीआय नावानं. विंडोजवर ट्विंकल ट्रे किंवा मॉनिटोरियन, लिनक्सवर डीडीसीयूटिल, यांतून उजेड खालीवर होतो. मेनूत डीडीसी-सीआय चालू मात्र हवं. मी ट्विंकल ट्रे टाकलंय. दिवसा एक, रात्री एक, बटणाला हातही लावावा लागत नाही.

पैसे विचारले तेव्हा "दहापर्यंत मोजायचे काय पैसे घ्यायचे" म्हणालात आणि चपला घातल्यात. असो, तो वाद पुन्हा कधीतरी.

आता एक काम. शेजारच्या टायपिंगच्या क्लासमध्ये तसलेच दोन मॉनिटर आहेत, मला आता ‘मॅडम, तुम्हाला कळतं त्यातलं’ म्हणून बोलावणं येतं. त्यांतला एक मी उघडला, मॉनिटर बंद करून मेनू धरायचा तो प्रकार. दुसऱ्याला बटणंच नाहीत, मागे एक दांडी आहे, ती चारी बाजूंना हलते आणि आत दाबली जाते. मेनू कुठला समजायचा, आत दाबून धरू की एका बाजूला? मॉडेल नंबर लिहून ठेवलाय. हॉस्पिटलातून सुटल्यावर या बाजूनं जाणं झालं तर क्लास सातपर्यंत उघडा असतो.

कळावे, लोभ असावा.

आपली,
पेठेतली डीटीपीवाली ताई