लठ्ठपणाचा दोष एकट्या व्यक्तीवर नको

लठ्ठपणाचे खापर व्यक्तीच्या आळसावर आणि जिभेच्या चोचल्यांवर फोडणारा आपल्या अंकातील लेख वाचला. त्यातील संयमाचा आग्रह मान्य असला, तरी निष्कर्ष एकांगी वाटतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील १५ ते ४९ वयोगटात अतिवजन वा लठ्ठपणा असलेल्या स्त्रियांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये २०.६ टक्के होते, ते २०१९-२१ मध्ये २४ टक्क्यांवर गेले. एवढ्या थोड्या काळात कोट्यवधी स्त्रिया एकाएकी बेशिस्त झाल्या, असे कसे मानावे? घोडबंदर पट्ट्यातून रोज मुंबईला नोकरीसाठी जाणारी स्त्री रात्री ठाणे स्थानकाबाहेर पडते, तेव्हा तिच्या हाताशी आणि खिशाला परवडणारा असतो तो वडापाव; जेवणानंतर चार पावले चालावे म्हटले, तर पदपथ दुचाक्यांनी आणि टपऱ्यांनी अडवलेले. तिलाच संयमाचे धडे देणे मला अन्यायाचे वाटते. चिलीने २०१६ पासून जादा साखर, मीठ व चरबी असलेल्या पाकिटांवर दर्शनी बाजूस काळे अष्टकोनी इशारे सक्तीचे केले आणि अशा पदार्थांची शाळांतील विक्री थांबवली. आपल्याकडे साखरेचा आकडा पाकिटाच्या मागे, बारीक अक्षरांत शोधावा लागतो. ताटातील तेल-साखर ज्याने त्याने कमी करावीच, परंतु ठळक इशारा आणि मोकळा पदपथ देणे हे शासनाचे आणि महापालिकेचे काम आहे, आणि आपल्या दैनिकाने ही मागणी लावून धरावी, अशी विनंती आहे.

— एक वाचक, ठाणे (पश्चिम)