गुलदार बुडवा साहेब, पण आधी तो कागद दाखवा

प्रति,
मा. पर्यटनमंत्री, महाराष्ट्र राज्य
मंत्रालय, मुंबई
मार्च २०२५

साहेब, नमस्कार.

मी वेंगुर्ला तालुक्यातला. नोकरीसाठी बाहेर असतो, पण घर, नातेवाईक आणि जेवणातली मासळी सगळं अजून तिकडचंच. २२ फेब्रुवारीला कारवारच्या नौदल तळावर निवृत्त युद्धनौका आयएनएस गुलदार एमटीडीसीच्या (राज्याच्या पर्यटन महामंडळाच्या) ताब्यात दिली, त्याचे फोटो आमच्या गावच्या प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरले. आमच्या समुद्रातल्या निवती रॉक या खडकाजवळ ती बुडवायची, तिच्यावर प्रवाळ वाढेल, मासे येतील, पर्यटक पाणबुडीतून बघतील, देशातला पहिलाच असा प्रयोग, केंद्राचे ४६.९१ कोटी मंजूर वगैरे वगैरे. सगळं वाचलं आणि खरं सांगतो, बरंच वाटलं. पण फार लगेच खूश व्हायची आम्हाला सवय राहिलेली नाही, कारण याच निवती रॉकजवळ २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये कॅबिनेटने विमानवाहू बोट आयएनएस विराट आणून ठेवायचं ठरवलं होतं, आकडा होता ८५२ कोटी, आणि विराट गेली कुठे तर २०२० मध्ये अलंगला, तोडायला. २०१८ मध्येच जाहीर झालेली पर्यटकांसाठीची पाणबुडी तर २०२३ च्या डिसेंबरात गुजरातला चालली म्हणून बोंबाबोंब झाली. तेव्हा यावेळी निदान खरी बोट हातात आहे, हे मोठंच.

बोटीला माझा विरोध नाही, आधीच सांगतो, नाहीतर कमेंटमध्ये लगेच ‘कोकणी माणूस विकासाला आडवा’ सुरू होतं. आमच्याकडे समुद्राचा तळ बऱ्याच ठिकाणी नुसती वाळू नाहीतर चिखल, तिथे कडक काहीही टाका, त्याला काकई (कवचवाले चिकटून राहणारे जीव) लागते, बारके मासे आडोशाला येतात, त्यांच्या मागे मोठे येतात. आपल्याच केंद्र सरकारच्या सीएमएफआरआय या मत्स्य संशोधन संस्थेने तामिळनाडू, केरळच्या किनाऱ्यावर काँक्रीटचे ठोकळे टाकून हे वर्षानुवर्षं केलंय. गुलदार तर ८३-८४ मीटर लांबीची, पोलंडमध्ये बांधलेली, १९८५ साली नौदलात आलेली, रणगाडे आणि जवान थेट किनाऱ्यावर उतरवणारी बोट. जानेवारी २०२४ मध्ये पोर्ट ब्लेअरला रिटायर झाली. भंगारात जाण्यापेक्षा समुद्रात कामाला आली तर कोणाला नको आहे!

फक्त एक कागद हवाय. बुडवण्याआधी तिच्यातून काय काय काढलं, किती काढलं, काय काढता आलं नाही आणि काढलेलं कुठे नेऊन टाकलं, याची यादी. मराठीत, आणि बुडवायच्या आधी, नंतर नव्हे.

का मागतोय ते सांगतो. ऐंशीच्या दशकातली लढाऊ बोट म्हणजे नुसतं लोखंड नसतं. इंजिन रूममध्ये गरम पाइपांवर गुंडाळलेली जाड करडी पट्टी असते, वरून रंग मारलेला, हाताला फडक्यासारखी लागते, तिच्यात ॲसबेस्टॉस असू शकतं. पाण्याखाली ते तितकं वाईट नाही म्हणतात, पण कापताना जी धूळ उडते ती कामगाराच्या फुफ्फुसात जाते, आणि ही कामं कोण करतं ते तुम्हाला माहीत आहे, रोजंदारीवर आलेली पोरं, तोंडाला रुमाल बांधून. टाक्यांच्या तळाशी डिझेल आणि ऑइलचा गाळ असतो, बोटीच्या बुडाला शेवाळ लागू नये म्हणून मारलेला विषारी रंग असतो. आणि सगळ्यात चिकट भानगड म्हणजे पीसीबी, जुन्या केबलींच्या आवरणात, गॅस्केटमध्ये, काही रंगांत सापडणारं रसायन. ते पाण्यात विरघळून निघून जात नाही, चरबीत साठतं, बारक्या माशातून मोठ्या माशात आणि मोठ्या माशातून आपल्या ताटात येतं. गुलदारमध्ये ते आहेच असं मी म्हणत नाही. तपासलं का, एवढंच विचारतोय.

अमेरिकेने ओरिस्कनी नावाची अख्खी विमानवाहू बोट २००६ मध्ये फ्लोरिडाच्या पेन्साकोलासमोर बुडवली, आज जगभरचे डायव्हर तिथे जातात. पण बुडवण्याआधी तिकडच्या पर्यावरण खात्याने पीसीबीचा हिशोब मांडला, किती आत राहणार ते उघड सांगितलं, आणि नंतर तिथले मासे पकडून तपासत राहिले. सुरुवातीच्या वर्षांत काही माशांमध्ये प्रमाण त्यांच्या मर्यादेच्या वर आलं, पुढे ते उतरत गेलं. हे सगळं लोकांना कळलं कारण कोणीतरी मोजत होतं, आपल्याकडे मोजणार कोण?

आणि ऑस्ट्रेलियाची ॲडलेड तर मला तुमच्यासमोर ठेवायचीच आहे. नौदलाची फ्रिगेट, सिडनीच्या उत्तरेला ॲव्होका बीचसमोर मार्च २०१० मध्ये बुडवायची ठरली. गावातल्या लोकांनी विचारलं की शिशाचा रंग आणि वायरिंगचं काय, आणि ट्रिब्युनलमध्ये गेले. ट्रिब्युनलने बोट बुडवू नका असं नाही सांगितलं, आधी संशयास्पद वायरिंग काढा, सुटत आलेला शिशाचा रंग खरवडा आणि मग बुडवा असं सांगितलं. एक वर्ष गेलं. १३ एप्रिल २०११ ला बोट बुडाली, तीही डॉल्फिनचा कळप मधेच आला म्हणून जरा थांबून. म्हणजे प्रश्न विचारल्याने प्रकल्प मेला नाही, स्वच्छ झाला. उलटं उदाहरण ब्राझीलचं, साओ पाउलो नावाची विमानवाहू बोट, जिला तुर्कस्तानने तोडायला घ्यायचं नाकारलं आणि शेवटी फेब्रुवारी २०२३ मध्ये ॲसबेस्टॉससकट अटलांटिकमध्ये बुडवून टाकली, तिला रीफ, म्हणजे माशांसाठीचा प्रवाळखडक, कोणी म्हणत नाही.

आता दुसरी गोष्ट, जी मुंबईतल्या मीटिंगमध्ये बहुतेक येत नाही. बोट बुडाली की मासे येतील, बरोबर, पण त्यातले किती नवीन जन्मतील आणि किती आजूबाजूचेच एका जागी गोळा होतील, यावर जगभर अजून वाद आहे. गोळा झालेले मासे म्हणजे ज्याच्याकडे मोठी जाळी त्याची दिवाळी. रात्री पर्ससीनवाला (मोठ्या जाळ्याने अख्खा थवा वेढणारा) आला, मासे ओढायला एलईडी दिवे लावले (बंदी आहे, माहीत आहे, आणि लावतात तेही माहीत आहे), बोटीभोवतीची तांबोशी, गोबरा सगळं साफ, की तुमच्या पाणबुडीतल्या पर्यटकाला लोखंडच बघायला मिळणार. तळावरून जाळं ओढणाऱ्या ट्रॉलरचं तसं नाही, तळाला बुडालेली बोट आहे म्हटल्यावर तो जाळं फाटायच्या भीतीने लांब राहील, आणि छोट्या होडीवाल्यांना त्याचा फायदाच आहे. पण जाळं छोट्या होडीवाल्याचंही फाटतंच ना. निवतीचा आमचा एक नातेवाईक गिलनेट (मासे कल्ल्यांत अडकणारं जाळं) मारतो, त्याचं म्हणणं एका वाक्यात, “बोट बुडयतत ता बरा, पण जाळां अडाकला तर पैसे कोण देतलो?” याला उत्तर काय द्यायचं ते मला सुचलं नाही, तुम्हाला सुचलं तर सांगा. शिवाय अडकलेलं जाळं तिथेच राहिलं तर ते वर्षभर फुकट मासे मारत बसतं, आणि डायव्हरही त्यात अडकू शकतो. तेव्हा बोटीभोवती किती अंतरात कोणी काय करायचं, गळाने मासे पकडणाऱ्याला मुभा आहे का, अडकलेली जाळी कोण काढणार, हे बुडवायच्या आधी निवती, भोगवे, मालवणच्या मच्छीमार सोसायट्यांसोबत बसून लिहून काढा. मत्स्य खातं दुसऱ्या मंत्र्यांकडे आहे असं सांगू नका, समुद्र एकच आहे.

जाताजाता पावसाळ्याचंही बघा. फ्लोरिडात स्पीगेल ग्रोव्ह नावाची बोट २००२ मध्ये बुडवताना उलटी झाली, मग आडवी पडून राहिली, आणि २००५ च्या वादळाने तिला सरळ उभी केली. एवढ्या मोठ्या बोटीला समुद्र हलवतो तर गुलदार तिच्यापुढे लहान, आणि आपल्याकडे जून-जुलैत निवती रॉकला काय लाटा आपटतात ते तिथल्या दीपगृहावर काम केलेल्या कोणालाही विचारा. प्रकल्पाची मेअखेरची तारीख गाठायला म्हणून घाईघाईत साफसफाई उरकू नका. ऑक्टोबर उजाडला तरी चालेल, सीझन तेव्हाच सुरू होतो.

तो कागद तयार झाला की वेबसाइटच्या कोपऱ्यात पीडीएफ करून टाकू नका, कोणी उघडत नाही. निवतीच्या मच्छीमार सोसायटीच्या भिंतीवर चिकटवा, सही-शिक्क्यानिशी. खाली एक फोन नंबर द्या, ज्यावर माणूस फोन उचलतो.

आपला,
वेंगुर्ल्याचा एक मासेखाऊ करदाता

प्रत: मा. मत्स्यव्यवसाय मंत्री, व्यवस्थापकीय संचालक, एमटीडीसी, जिल्हाधिकारी, सिंधुदुर्ग