नेत्ररुग्णालयातल्या समुपदेशक ताईंना जाहीर आभारपत्र

आदरणीय ताई,

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत काही बिघडलं की पेशंटला सांगायचं काम समुपदेशकावर ढकलून डॉक्टर मोकळे होतात. तुम्ही ते होऊ दिलं नाहीत. 'ऑपरेशन ज्यांनी केलं तेच बोलतील, मी शेजारी बसेन,' हा तुमचा हट्ट. त्याबद्दल आम्ही सगळे सर्जन तुमचे मनापासून आभारी आहोत. तुमची पद्धत इतरांच्याही कामी यावी, म्हणून हे पत्र जाहीर.

डोळ्यातली भिंगामागची पातळ पिशवी (नवं कृत्रिम भिंग हिच्यातच बसवतात) फाटणं अनुभवी हातांतही शंभरात एखाद-दोघांच्या बाबतीत घडतं. ती दर वेळी चूक नसते, पण लपवली की नुकसान होतं. अशा डोळ्यात दृष्टिपटल, म्हणजे डोळ्याचा मागचा पडदा, सुटण्याचा धोका वाढतो. वीज चमकल्यासारखं दिसणं, अचानक काळे ठिपके वाढणं, एका बाजूने सावली सरकत येणं, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी यायचं असतं. 'सगळं छान झालं' ऐकून घरी गेलेला माणूस पुढच्या तारखेची वाट बघत बसतो. म्हणून ही तीन लक्षणं तुम्ही पेशंटकडून आणि सोबतच्या नातेवाइकाकडूनही पुन्हा म्हणवून घेता.

चुकीच्या नंबरचं भिंग बसलं, तर मात्र 'गुंतागुंत' हा शब्द तुम्ही चालू देत नाही. चूक ती चूक. कारणं बहुधा अगदी साधी निघतात: डोळ्याची लांबी मोजणाऱ्या ए-स्कॅन यंत्राचा प्रोब कॉर्नियावर, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यावर, दाबला गेला आणि भिंगाचा नंबर जिच्यावरून ठरतो ती लांबी कमी आली (1 मिलिमीटर चुकला की नंबरात साधारण अडीच ते तीन डायॉप्टरचा, म्हणजे अडीच ते तीन नंबरांचा फरक), सारख्या नावाच्या पेशंटचा कागद फाइलला लागला, किंवा यादीचा क्रम बदलला आणि भिंगं जुन्याच क्रमाने मांडलेली राहिली. खोक्यावरचा स्टिकर केसपेपरवर आणि पेशंटच्या कार्डावरही लावायचा हा तुमचा आग्रह इथेच उपयोगी पडतो. भिंग बदलायचं तर पहिले काही आठवडे सोपे. पुढे पिशवी त्याला घट्ट धरते. 'महिनाभर थेंब टाका, मग बघू' म्हणण्यात नेमका हाच काळ वाया जातो. चष्मा, भिंग बदलणं, आहे त्यावर दुसरं भिंग बसवणं, हे पर्याय तुम्ही आमच्याकडून सांगून घेता. त्याआधी 'खर्च रुग्णालयाचा' हे वाक्य.

बारीकसारीक गोष्टीही तुमच्याच. स्लिट लॅम्पच्या, म्हणजे डोळे तपासायच्या यंत्राच्या, रांगेत हे बोलायचं नाही. पट्टी नसलेल्या डोळ्याच्या बाजूला बसायचं. टेबलावर 'अरे, फाटली!' असं तोंडातून जाऊ द्यायचं नाही, कारण भूल फक्त डोळ्याला असते, कानांना नाही.

माफी मागितली तर केस होईल, ही भीती आमच्यातल्या काहींना अजून वाटते. मागून खाडाखोड केलेला केसपेपर त्याहून महागात पडतो. पेशंटने कागद मागितले तर 72 तासांत द्यावेत, असं 2002 च्या वैद्यकीय आचार नियमांत आहे. तुम्ही मागणीची वाट न बघता प्रत हातात देता.

शिबिरातल्या पेशंटच्या नावापुढचा फोन बहुधा भाच्याचा नाहीतर शेजाऱ्याचा असतो. म्हणून तुम्ही गावातल्या आशाताईंचा नंबर समासात लिहून घ्यायचात. आता त्यासाठी फॉर्मवर वेगळा रकानाच छापून घेतला आहे.

आपले,
मोतीबिंदू विभागातील डॉक्टर