पुदिना कुंडीतच लाव

नाशिक, मे अखेर

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र कालच मिळालं. परसदारी भाजीचे वाफे काढतोयस, हे वाचून फार आनंद झाला. पण शेवटी जाता जाता लिहिलंयस, की मोरीच्या पाण्यावर अळूशेजारी, मेथी-कोथिंबिरीच्या वाफ्याला लागूनच पुदिना लावणार. ते वाचून लगेच लिहायला बसलो. पाऊस सुरू व्हायच्या आत हे तुला कळायला हवं. पुदिना जमिनीत लावू नकोस.

मावशीच्या परसात गेल्या महिन्यात मी हेच निस्तरत होतो. वरून पाहिलं तर कोपऱ्यात चार हिरवी झुडपं, बस्स. खरा पसारा मातीखाली बोट-दोन बोटं खोल असतो. तिथून पांढुरकी खोडं आडवी सरकत जातात आणि त्यांच्या पेरापेराला मुळं फुटतात. खुरप्यानं एक खोड उचललं, तर ते कोथिंबिरीच्या वाफ्याखालून जाऊन थेट गवती चहाच्या बुंध्यात शिरलेलं निघालं. खराट्याच्या काडीएवढं जाड, दर पेराशी बारीक मुळांचा झुबका, आणि हात लागेल तिथे वास. ओढता ओढता मध्येच कट्‌कन तुटलं. तुटलेला तुकडा मातीत राहिला, की त्याचं नवं रोप होतं. म्हणून कुदळीनं खणून पुदिना जात नाही, उलट एकाचे दहा होतात. हरळी शेतकऱ्याला छळते ती याच चालीनं.

पेपरमिंटचं बघ. पाणपुदिना आणि साधा पुदिना यांचा तो संकर. त्याला सहसा रुजणारं बीच धरत नाही. तरी तो जगभर गेला, तो या खोडांच्या जोरावर. उत्तर प्रदेशात बाराबंकीकडे तेलासाठी मेंथ्याची, म्हणजे पुदिन्याच्याच एका जातीची, शेती होते, तिथेही बी पेरत नाहीत, खोडांचे तुकडेच लावतात. शेतात जे सोयीचं, तेच चार हातांच्या परसात जाच होतं.

आणि मार बसतो तो नेमका गरीब भाज्यांना. मेथी, कोथिंबीर, कांद्याची पात यांचा जीव केवढासा! पुदिना त्यांचं पाणी पितो, वर ऊनही अडवतो. मावशीला कोथिंबिरीच्या प्रत्येक जुडीतून पुदिना निवडून काढावा लागे. एप्रिलच्या उन्हात तो वरून करपतो, माणसाला वाटतं गेला. पावसाची पहिली सर पडली की चार बाजूंनी वर येतो.

सगळ्याच सुवासिक झाडांना हा नियम लावू नकोस. गवती चहा आपलं बेट सोडत नाही. तुळशीची मंजिरी गळून ढीगभर रोपं येतात, पण ती चिमटीनं उपटता येतात. पानांचा ओवा जिथे टेकेल तिथे रुजतो, मात्र मातीच्या वरच, डोळ्यांसमोर.

मोरीच्या पाण्याचंही सांगतो. अळू आपण शिजवून खातो. पुदिन्याची चटणी कच्ची. साबणाचं, खरकटं पाणी त्याला नकोच.

तेव्हा बाजारातून ताजी जुडी आण, खालची पानं काढून काड्या पेल्यात पाण्यात ठेव. मुळं फुटली की पसरट कुंडीत लाव. खोल कुंडी लागत नाही, आडवी जागा लागते. सकाळचं ऊन, दुपारी सावली. कुंडी मातीवर मात्र ठेवू नकोस; तळाच्या भोकातून मुळं खाली उतरतात. खाली शहाबादी फरशी घाल, आणि काठावरून लोंबणाऱ्या काड्या मातीला टेकायच्या आत खुडत जा. वर्षभरात कुंडी गच्च भरते, मधला भाग पोकळ, काटकुळा होतो. तेव्हा सगळं उपसून कडेची कोवळी खोडं तेवढी नव्या मातीत लाव.

वहिनींनी आधीच काही रोपं जमिनीत टोचली असतील, तर माती ओली करून, हातानं भुसभुशीत करत खोडाचा माग शेवटच्या टोकापर्यंत काढ. निघालेलं खताच्या खड्ड्यात टाकू नकोस, तिथेही ते जगतं. गच्चीवर कडक वाळू दे. मग पावसाळाभर आठवड्याला एकदा त्या जागेवर नजर टाक.

वाफे किती लांब-रुंद केलेस, उतार कुठल्या बाजूला आहे, ते पुढच्या पत्रात आकृती काढून कळव. मेथी कुठे घालायची ते त्यावरून ठरवू.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
विनायक