बालिकाश्रमांच्या नोंदवह्या पावसाळ्याआधी वाचवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कोकणातल्या एखाद्या जुन्या बालिकाश्रमाचा इतिहास लिहायचा म्हटला की स्मरणिका निघते. तीत देणगीदारांचे फोटो असतात, पायाभरणीचा दिवस असतो, मान्यवरांचे शुभसंदेश असतात. मुली ‘लाभार्थी संख्या’ या एका ओळीत आटोपतात. त्यांचा इतिहास प्रवेश नोंदवहीत असतो आणि ती वही भिंतीलगतच्या कपाटात कुजत असते.

निराधार मुली-स्त्रियांना आसरा देण्याच्या कामात कोकणचा वाटा जुना आहे. मुरूडच्या धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ साली पुण्यात अनाथ बालिकाश्रम काढला. तो मुख्यतः विधवांसाठी होता, हे स्मरणिकांतून बहुधा सुटते. पण त्या काळच्या कित्येक विधवा वयाने मुलीच होत्या. आश्रमासाठी दारोदार वर्गणी मागणाऱ्या पार्वतीबाई आठवले देवरुखच्या. त्याच देवरुखात इंदिराबाई हळबे यांनी १९५४ मध्ये दोन खाटांच्या प्रसूतिगृहापासून मातृमंदिर उभे केले. निराधार मुलींचे ‘गोकुळ’ त्यातूनच आले.

जुनी वही वाचताना काही ठिकाणी फसायला होते. जन्मतारीख १ जून दिसली तर ती खरी धरू नये. तारीख ठाऊक नसली की शाळेत घालताना हीच लिहीत. वय दातांवरून, उंचीवरून ठरवलेले, त्यामुळे उपासमारीत वाढलेली मुलगी कागदावर लहान दिसते. आडनाव पुष्कळदा संस्थेने दिलेले असते आणि लग्नानंतर तेही बदलते. म्हणून शोध नावावरून न घेता दाखल क्रमांकावरून घ्यावा.

२०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार सापडलेली मुलगी, प्रवासाचा वेळ सोडून, २४ तासांत बालकल्याण समितीपुढे न्यावी लागते. आजच्या प्रवेशामागे त्यामुळे समितीचा आदेश असतो. कित्येक जुन्या प्रवेशांमागे वहीतली नोंदीची एक ओळच आहे. दत्तक गेलेली मुलगी मोठेपणी आपले मूळ शोधत येते, किंवा एखादीला अनाथ प्रमाणपत्र हवे असते (२०१८ पासून राज्यात अनाथांना एक टक्का आरक्षण आहे), तेव्हा हीच ओळ लागते.

आता वह्यांची निगा. पावसाचा मारा पश्चिमेकडून येतो आणि जांभ्याची भिंत पाणी ओढते. कपाट त्या भिंतीला टेकवू नये. भिंतीपासून वीतभर पुढे आणि जमिनीपासून तेवढेच वर असले की ओल आणि वाळवी दोन्ही वेळीच दिसतात. प्लास्टिकच्या पिशवीत दमट कागद बुरशी धरतो, त्यापेक्षा सुती फडके बरे. डांबरगोळ्यांनी कसर दूर राहते, बुरशी नाही. दसऱ्यानंतर वह्या उन्हात घालायची हौस तर सोडाच, शाई उडते! पडवीत सावलीला, वारा लागेल अशा उघडून ठेवाव्यात. बुरशी ओल्या फडक्याने पुसली की पानभर पसरते. ती सुकू द्यावी आणि नाकाला कापड बांधून मऊ ब्रशने झाडावी. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नये आणि लॅमिनेशन तर मुळीच करू नये, ते पुन्हा निघत नाही.

मोबाइलने फोटो काढायचे तर पानाच्या सरळ वरून, पान क्रमांक दिसेल असे काढावेत. कोरी पानेही घ्यावीत, नाहीतर पुढे एखादे पान गेले तर कळत नाही. दोन प्रती दोन वेगळ्या इमारतींत ठेवाव्यात. हे फोटो व्हॉट्सॲपच्या गटांवर फिरवू नयेत. आश्रमातल्या मुलीची ओळख उघड करणाऱ्यास बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, होऊ शकतात. वाढदिवसाच्या देणगीसोबत मुलींचे फोटो छापणाऱ्यांनीही हे वाचावे. आपल्या दैनिकाकडेही असे फोटो येत असतील.

सर्वांत मोठा धोका संस्था बंद पडते तेव्हा असतो. मुली दुसरीकडे हलवल्या जातात, सामानाची यादी होते, वह्या रद्दीत जातात. रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि रायगडच्या जिल्हा महिला व बालविकास कार्यालयांनी अशा वह्या पाने मोजून, पोचपावती देऊन ताब्यात घ्याव्यात आणि कोणत्या संस्थेची कोणती वर्षे आपल्याकडे आहेत, एवढी यादी, मुलींची नावे वगळून, जाहीर करावी.

आपला,
एक वाचक, संगमेश्वर