सूचना : भाड्याचं घर तोंडी ठरवू नका
तृतीयपंथी सभासदांना कळकळीची विनंती. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९, कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा. नोंदणी करून घेणं ही घरमालकाची जबाबदारी. नोंदणी नसताना वाद झालाच, तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरू सांगेल त्या अटी ग्राह्य धरतात. अनामत मात्र बँकेतूनच द्या, रोख रकमेचा पुरावा राहत नाही. नाव बदललं असेल तर आधी आधार दुरुस्त करा, मग करार. ऑनलाइन नोंदणी आधारवरच अडते.

ओळखीमुळे घर नाकारलं, तर तृतीयपंथी व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) कायदा, २०१९ चं कलम ३ दाखवा. एजंटचे मेसेज, तारीख, पत्ता जपा. फोनवरचा नकार लगेच मेसेजवर लिहून मागा.