यंत्र चांगलं आहे, ड्रायव्हर नाही म्हणून भंगारात देऊ नका

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पेपरात ई-कचरा मोहिमेची बातमी वाचली, घरातले जुने कॉम्प्युटर, प्रिंटर, स्कॅनर आणून द्या अशी. मोहीम चांगली आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण यादीत स्कॅनर दिसला आणि राहवलं नाही, कारण त्यातली बरीच यंत्रं बिघडलेली नसतात हो, नवा कॉम्प्युटर त्यांना ओळखत नाही एवढंच असतं, कारण यंत्राची कॉम्प्युटरला ओळख करून देणारं छोटं सॉफ्टवेअर, म्हणजे ड्रायव्हर, नव्यात चालत नाही, आणि हा फरक लोकांना कुणी सांगतच नाही.

मला फोटोग्राफीचा नाद कॉलेजपासूनचा. रोलचा जमाना होता तो. पैठणची नाथषष्ठी, माळेगावची यात्रा, औसा परंड्याचे किल्ले, आणि सगळ्यात जास्त आमच्या भागातली खेडी. त्या निगेटिव्हसाठी पुढं एक सेकंडहँड फिल्म स्कॅनर घेतला, जपानी कंपनीचा. कागद ठेवायचा स्कॅनर नाही हा, सहा फ्रेमची पट्टी तोंडाशी धरली की तो स्वतःच आत ओढून घेतो, घर्रर्र आवाज करत एकेक फ्रेम ४००० डीपीआयनं, म्हणजे एका इंचात ४००० ठिपके अशा बारकाईनं वाचतो, म्हणजे ३५ एमएमच्या एका फ्रेमचे दोन कोटींच्या वर पिक्सेल, रंगांचे जास्त बारकावे राखणाऱ्या १६ बिटमध्ये सेव्ह केलं तर सव्वाशे एमबीच्या आसपास एक फाईल. आज ऑनलाइन स्वस्तात जे फिल्म स्कॅनर मिळतात त्यात बहुतेक वेळा आत एक छोटा कॅमेरा बसवलेला असतो, ते ह्याच्या जवळपास पण येत नाहीत. शिवाय ह्याच्यात इन्फ्रारेडचा वेगळा दिवा आहे. कलर निगेटिव्हच्या रंगातून इन्फ्रारेड आरपार जातं पण धूळ आणि चरे तिथं अडतात, त्यामुळं यंत्राला धूळ कुठं आहे ते बरोबर कळतं आणि ती फोटोतून काढता येते. आपल्याकडं उन्हाळ्यात किती फुफाटा असतो ते सांगायला नको, त्यामुळं ही सोय लाखमोलाची. (ब्लॅक अँड व्हाईट फिल्मला मात्र हे बंद ठेवा, त्यातली चांदीच इन्फ्रारेड अडवते आणि फोटो खराब होतो.)

तर जुना विंडोज एक्सपीवाला कॉम्प्युटर गेला, मुलानं विंडोज ११ चा लॅपटॉप घेऊन दिला, वायर लावली, स्कॅनरचा दिवा लागला, आणि लॅपटॉपवर नुसता पिवळा त्रिकोण. दुकानात नेला तर पोरगा म्हणाला, काका कामून पैसे घालता ह्याच्यात, ड्रायव्हर येत नाही ह्याचा, मोडीत काढा. ड्रायव्हरचं तो खरंच बोलला. कंपनीनं हे यंत्र बंद केलं तेव्हा ड्रायव्हर ३२ बिटचा, म्हणजे जुन्या धाटणीच्या विंडोजसाठीचा होता, ६४ बिटचं विंडोज ३२ बिटचा ड्रायव्हर घेतच नाही, आणि विंडोज ११ तर ६४ बिटमध्येच येतं. पण मोडीत काढा हे मला पटलं नाही, यंत्रातला एक स्क्रूसुद्धा ढिला झालेला नव्हता.

उपाय आहेत आणि ते लोकांपर्यंत जावेत म्हणून हे पत्र. सगळ्यात सोपा म्हणजे व्ह्यूस्कॅन नावाचं सॉफ्टवेअर. विकत घ्यावं लागतं, पण जुन्या स्कॅनरसाठी ते स्वतःचा ड्रायव्हर घेऊन येतं, हजारो मॉडेल त्याच्या यादीत आहेत, आधी फुकट ट्रायल करून आपलं यंत्र चालतं का बघता येतं. पैसे घालायचे नसतील तर व्हर्च्युअलबॉक्स, ते मोफत आहे, नव्या कॉम्प्युटरच्या आतच जुनं ३२ बिटचं विंडोज बसवायचं, त्याच्यात कंपनीचं मूळ सॉफ्टवेअर टाकायचं आणि स्कॅनरचं यूएसबी कनेक्शन त्या आतल्या विंडोजकडं सोपवायचं, फक्त त्या विंडोजला इंटरनेट देऊ नका, त्याचे सिक्युरिटी अपडेट कधीच बंद झालेत. लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी मोफत सिस्टीम) येणारं कुणी घरात असेल तर सेन नावाची मोफत व्यवस्था आहे, तिच्यात कित्येक जुने फिल्म स्कॅनर चालतात. अडचण आहे ती यूएसबीच्या आधीच्या स्कझी वायरच्या स्कॅनरची, त्या वायरसाठी कॉम्प्युटरात जे कार्ड लागतं ते बसायची जागाच नव्या मदरबोर्डवर सहसा नसते, त्यासाठी एखादा जुना कॉम्प्युटर सांभाळून ठेवावा हेच बरं. माझा यूएसबीचा होता, व्हर्च्युअलबॉक्समध्ये चालला, आणि जुन्या कॉम्प्युटरपेक्षा पटपट चालला कारण रॅम भरपूर.

आता एवढा आटापिटा कशासाठी ते सांगतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी, सास्तूर भागात काय झालं ते आपल्याकडं कुणाला सांगायची गरज नाही. कितीतरी गावं मग नव्या जागी वसवली, नव्या घरांत, सरळ रेषेतल्या गल्ल्यांत. जुन्या गावांचं रूप आता राहिलं ते ज्याच्या त्याच्या डोक्यात, नाहीतर अशा निगेटिव्हमध्ये. आमचे एक पाहुणे लोहारा तालुक्यातले, त्यांना स्क्रीनवर भूकंपाआधीची एक फ्रेम मोठी करून दाखवली, वेस, तिच्या मागं दगडमातीचे वाडे, माळवदावर वाळत घातलेली ज्वारी. प्रिंटमध्ये तो कोपरा नुसता काळा दिसायचा, स्कॅनमध्ये दारावरची कमान आणि ओट्यावर बसलेली माणसं निघाली. पाहुणे बोट ठेवून एकेक घर कुणाचं ते सांगत गेले, मी लिहून घेत गेलो. हे काम आत्ताच व्हायला पाहिजे साहेब, कारण निगेटिव्हचे रंग दरवर्षी थोडे थोडे उडतात, पावसाळ्यात बुरशी धरते, आणि ती घरं ओळखणारी माणसं आता सत्तरी ऐंशीची आहेत.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा मोफत सपोर्ट संपला, त्यामुळं घरोघरी कॉम्प्युटर बदलणं चाललंय आणि त्याच्यासोबत चांगली यंत्रं भंगारात निघतायत, स्कॅनरच नाही, भरतकामाची मशीन, म्युझिक कीबोर्ड, सगळ्यांची हीच गत. केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्यानं डिसेंबर २०२२ मध्ये राइट टू रिपेअर पोर्टल काढलं, त्यात सुट्या भागांचा आणि दुरुस्तीचा विचार आहे. माझं म्हणणं की ड्रायव्हर पण सुटा भागच समजा. कंपनीनं यंत्र बंद केलं तर त्याचा ड्रायव्हर कसा चालतो ती माहिती खुली करावी, आपली कॉम्प्युटर शिकलेली पोरं पुढचं बघून घेतील. आणि ई-कचरा मोहीमवाल्यांनी गोळा केलेल्यातले चालू फिल्म स्कॅनर बाजूला काढून लातूर, धाराशिव, नांदेडच्या जिल्हा ग्रंथालयांत एकेक बसवावा. जागा एका टेबलाएवढी लागते, कॉम्प्युटर तिथं असतातच. तो चालवायचा कसा ते शिकवायला मी लातूरला कधीही, फुकट यायला तयार आहे.

शेवटची विनंती तुम्हालाच. १९९३ ला तुमच्या पेपरसाठी फोटो काढणाऱ्यांचे रोल कुठल्यातरी जिल्हा कार्यालयात, नाहीतर त्या फोटोग्राफरच्या घरी पडलेले असतील. ते कुठं आहेत याची चौकशी करा, आणि तोवर निदान ते डबे ओल लागणार नाही अशा कपाटात हलवायला सांगा.

आपला,
एक जुना वाचक, लातूर